अक्कांची पाळी परत आली तेव्हा

"आधी तोंड उघड, मग सांगते," असं म्हणत शालनअक्कांनी अख्खा कंदी पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी ओट्यापाशी उभी, दोन्ही हात कणकेत. भुवया उंचावून विचारलं, कशाचा?

"ओळख."

पेढा कसाबसा एका गालात सरकवून मी म्हटलं, "तुमच्या शाळेनं कबड्डीची ढाल आणली?"

"ती दरवर्षी आणतात. दुसरं सांग."

"खालचा भाडेकरू गेला?"

"तो जाईल तेव्हा जिलेबी वाटीन. शेवटची संधी."

मी मान हलवली. अक्कांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, माझ्या कानाशी आल्या आणि त्यांच्या हिशेबानं अगदी हळू, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "पाळी आली."

"कुणाची?"

"अगं, माझी!"

पेढा घशात अडकला. अक्कांनी पाठीत असा धपाटा घातला की तो बाहेर न येता सरळ पोटात गेला. तेवढ्यात माझा नवरा जयसिंग डोकावला. "पेढे कशाचे गं अक्का?" त्यानं विचारलं.

"खा गुमान," धाकट्या भावाला त्या म्हणाल्या. त्यानं गुमान दोन खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि "मस्त आहेत" म्हणून ऑफिसला गेला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सातारच्या मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं पी.टी. शिकवत होत्या. लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि तिथून खालच्या मजल्यावर राज्य करायच्या. पेढ्यांच्या त्या सकाळी त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि पाळी जाऊन चार वर्षं झाली होती.

"बघितलंस ना नैसर्गिक औषधाचा गुण?" त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "आणि तू चोळत बस तुझं केमिकल."

हे आमचं जुनं भांडण. मी सातारच्या समारंभांचं सूत्रसंचालन करते. पन्नाशीच्या आसपास मला ऐन कार्यक्रमात घामाच्या लाटा यायला लागल्या. एकदा तर व्यासपीठावर पाहुण्यांच्या सत्काराच्या शालीनंच मी तोंड पुसलं आणि ती तशीच पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर खटावकरांचा दवाखाना गाठला. त्यांनी सगळ्या तपासण्या करून हाताला चोळायचं एक जेल दिलं आणि रात्री घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. लाटा गेल्या.

अक्कांनाही तोच त्रास होता. पण त्या गेल्या पोवई नाक्यावरच्या नव्या सेंटरमध्ये. तिथं काचेचं दार, आत गुलाबपाण्याचा वास, आणि पुण्याहून आठवड्यातून दोनदा येणारे एक सर. ते डॉक्टर होते, कशाचे ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी अक्कांना खास त्यांच्यासाठी बनवलेलं क्रीम दिलं होतं. कुठल्याशा कंदापासून काढलेलं, शंभर टक्के नैसर्गिक, बाईच्या शरीरातल्या हार्मोनशी हुबेहूब जुळणारं. अक्का ते रोज रात्री चोळायच्या. झोप परत आली, घाम थांबला, आणि आता हे.

"सरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं की. ते म्हणाले, शरीर पुन्हा लयीत येतंय. आणि ऐक, येत्या रविवारी सेंटरचा मेळावा आहे ना? तूच बोलणार आहेस ना माइकवर?"

"हो."

"तिथं माझं भाषण ठेवलंय, अनुभवकथन. चारशे बायकांपुढं मी हे जाहीर करणार आहे."

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. डॉक्टर खटावकरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याला पाळी म्हणायचं नाही, हातातलं काम टाकून माझ्याकडे यायचं.

मी ते अक्कांना सांगितलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा बंद केला.

"जळतेस तू."

"अक्का, मला कशाला हवी पाळी परत? गेली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला."

"मग माझ्या आनंदात माती कालवू नकोस," म्हणाल्या, आणि पुडा घेऊन वर गेल्या. पायऱ्यांवर त्यांची पावलं अशी वाजली की भाडेकरूचं कुत्रं भुंकायला लागलं.

मी डॉक्टर खटावकरांना फोन लावला. त्या कमी बोलतात आणि जे बोलतात ते टोचतं.

"उद्या घेऊन या."

"त्या यायच्या नाहीत हो. माझं ऐकत नाहीत."

"मग बांधून आणा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अक्कांना बांधणारा माणूस साताऱ्यात जन्माला आला नव्हता. रात्रभर विचार केला. अक्कांना घाबरवून उपयोग नव्हता, त्या घाबरत नसत. समजावून तर मुळीच नाही, त्याच जगाला समजावत. त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे. सकाळी चहाचा कप घेऊन वर गेले आणि चेहरा पाडून बसले.

"काय झालं?"

"जाऊ दे, अक्का. तुम्हाला वाईट वाटेल."

"बोल."

"डॉक्टर खटावकरांना मी तुमची बातमी सांगितली. त्या हसल्याच. म्हणाल्या, छप्पन्नाव्या वर्षी पाळी? थापा मारतायत तुमच्या नणंदबाई."

अक्कांनी कप बशीत ठेवला. आवाज मुळीच झाला नाही. ते फार वाईट लक्षण होतं.

"थापा?"

"मी म्हटलं त्यांना, आमच्या अक्का खोटं बोलत नाहीत. तर म्हणाल्या, मग समोर येऊन सिद्ध करायला सांगा."

"रिक्षा बोलव," अक्का म्हणाल्या. "आणि ती क्रीमची डबी घे माझी. पुरावा म्हणून."

दवाखान्यात नंबर लावलेल्या बायका बसल्या होत्या. अक्का त्यांच्यामधून तडक आत. मी माफी मागत मागं.

"मीच ती थापाडी," अक्का टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या.

डॉक्टर खटावकरांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. बाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

"बरं झालं आलात. असं तोंडी मी मान्य करत नाही. सोनोग्राफी करावी लागेल."

"करा! दोनदा करा!"

एकदाच केली. पडद्यावरच्या करड्या ढगात बाई बराच वेळ काहीतरी मोजत राहिल्या. मग अक्कांना उठून बसायला सांगितलं आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुम्ही थापा मारत नाही आहात," त्या म्हणाल्या.

अक्कांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"पण ही पाळी नाही. गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढलंय. असायला हवं त्याच्या तिप्पट. डबी बघू."

डबीवर कमळाचं सुंदर चित्र होतं. बाईंनी ती उलटीपालटी केली, झाकणाच्या आत पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तुमचं जेल आहे पर्समध्ये?"

मी ट्यूब काढून दिली. त्यांनी ती डबीच्या शेजारी उभी केली.

"या डबीत काय आहे म्हणून सांगितलंय तुम्हाला?"

"कंदातलं नैसर्गिक हार्मोन," अक्का म्हणाल्या. "बाईच्या शरीरात असतं अगदी तस्सं."

"कंदात बाईचं हार्मोन नसतं. कंदातून, सोयाबीनमधून कच्चा माल काढतात. त्याचं पुढं कारखान्यात इस्ट्राडिओल, म्हणजे बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन, करतात. तयार झाल्यावर मात्र ते तुमच्या ओव्हरीत बनायचं त्याच्याशी तंतोतंत जुळतं. शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही."

"म्हणजे सर खरं बोलले!"

"तेवढं खरं बोलले. पण या वृषालीबाईंच्या ट्यूबमध्येही तेच इस्ट्राडिओल आहे."

अक्कांनी ट्यूबकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांची साडी त्यांना न विचारता नेसले होते.

"हिचं केमिकल आणि माझं नैसर्गिक," त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "एकच?"

"एकच. आणि नुसतं नैसर्गिकच हवं असेल तर गाभण घोडीच्या मुतातून काढलेल्या गोळ्यापण मिळतात. शंभर टक्के नैसर्गिक. फक्त ते हार्मोन बाईचं नाही, घोडीचं आहे."

"शी!" अक्का म्हणाल्या. मला हसू आवरेना. पाणी पिण्याचं निमित्त केलं.

"मग माझं असं का झालं, आणि हिचं का नाही?"

"कारण तुमची ओव्हरी एकच हार्मोन सोडत नव्हती. इस्ट्रोजेन अस्तर वाढवायचं, आणि नंतर प्रोजेस्टेरॉन येऊन त्याला आवर घालायचं. दर महिन्याला ती हे गणित आपोआप सोडवायची. बाहेरून द्यायचं म्हटलं की ते गणित आपण सोडवायचं. हिच्या ट्यूबवर मात्रा छापलेली आहे, ती तपासलेली असते. शिवाय आवर घालायला कॅप्सूल दिलीय. तुमच्या डबीत किती आहे?"

अक्कांनी कमळाकडे पाहिलं. कमळ काही सांगेना.

"दुसरंपण घातलंय म्हणाले होते. त्याच क्रीममध्ये," त्या म्हणाल्या. आवाज आता साध्या माणसाचा झाला होता.

"कातडीतून ते गर्भाशयाला पुरेल इतकं पोचतं याचा भरवसा नाही. म्हणजे तुमची गाडी नुसत्या अॅक्सिलरेटरवर चालली होती, शालनताई. आता आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. थोडं दुखेल. रिपोर्ट यायला चारेक दिवस."

"कशाचा रिपोर्ट?"

डॉक्टर खटावकरांनी या वेळी टोचेल असं काही म्हटलं नाही. "तिथं काही वाईट नाही ना, त्याचा," एवढंच म्हणाल्या.

अक्कांनी पदर खोचला. "घ्या तुकडा. वृषाली, तू इथंच थांब."

मी थांबले. त्यांनी माझा हात धरला होता. कबड्डीतली पकड, बोटं सुन्न झाली. पण त्या हूं की चूं करत नव्हत्या, तेव्हा मीही केलं नाही.

परतताना रिक्षा राजवाड्याच्या चढाला लागली. अक्का बाहेर बघतच म्हणाल्या, "खटावकरबाई मला थापाडी म्हणाल्याच नव्हत्या. होय ना?"

"नव्हत्या म्हणाल्या."

"वाटलंच. जातानाच कळायला हवं होतं. पण डोकं फिरलं होतं. एका अर्थी बरं झालं. रागात होते म्हणून पाटी दिसली नाही."

"कसली पाटी?"

"तिच्या दवाखान्याची. 'प्रसूतिगृह' लिहिलंय एवढ्या मोठ्या अक्षरांत. समोर बसस्टॉप. निम्म्या साताऱ्याच्या पोरी माझ्या हाताखालून गेल्यात, त्यांच्या आया तिथं उभ्या असतात. लग्न न झालेली बाई आत शिरताना दिसली की पुढचं सगळं त्याच ठरवणार. आयुष्यात असल्या दवाखान्याची पायरी चढले नव्हते मी. त्या सेंटरमध्ये काय, लोकांना वाटायचं बाई फेशियलला चालल्या."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"आणि पेढे कशाला वाटले म्हणशील," त्या पुढं म्हणाल्या, "तर माझी पाळी आली तेव्हा आईनं कोपऱ्यात बसवलं. गेली तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. मधली चाळीस वर्षं तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. परत आली असं वाटलं, तेव्हा म्हटलं, आता तरी बोलू."

मग रिक्षावाल्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "आरशात काय बघतोस? रस्त्याकडं बघ."

ते चार दिवस अक्कांनी घरात साफसफाई काढली. माळे, फळ्या, भाडेकरूची गॅलरीसुद्धा. जयसिंगला काहीच माहीत नव्हतं. तो उरलेला पेढा शोधायला वर गेला आणि हातात झाडू घेऊन परतला. शनिवारी दुपारी डॉक्टर खटावकरांचा फोन आला. मी फोन अक्कांच्या कानाशी धरला आणि दुसऱ्या बाजूनं माझा कान लावला.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "अस्तर नुसतं जाड झालंय. गोळ्यांनी उतरेल, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. क्रीम बंद. सगळं ताळ्यावर आलं की ठरवू, वृषालीबाईंसारखं रीतसर द्यायचं का ते. पण असंच वर्ष-दोन वर्ष चाललं असतं तर मी हे इतक्या सहज सांगत नसते."

अक्कांनी फोन खाली ठेवला, पदरानं डोळे कोरडे केले आणि विचारलं, "उद्या मेळावा किती वाजता आहे?"

"अक्का, तुम्ही येऊ नका. तुमची तब्येत बरी नाही म्हणून मी सांगते."

"तब्येत बरी नाही, हेच तर सांगायचंय."

रविवारी हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर मोठा फलक होता, 'निसर्गाचं देणं, तुमचं तुम्हाला'. सर क्रीम रंगाच्या सूटमध्ये. शेजारी प्रमुख पाहुण्या म्हणून नगरसेविका भोईटेबाई, गळ्यात हार, मांडीवर पुष्पगुच्छ. मी दीपप्रज्वलन, स्वागत उरकलं. सरांचं भाषण झालं. मग अक्कांचं नाव पुकारलं.

अक्कांनी माइक बाजूला सरकवला. त्यांना तो कधीच लागला नव्हता.

"मैत्रिणींनो, या सरांच्या क्रीमनं माझा घाम गेला, झोप आली. हे खरं आहे." सर खुलले. "आणि छप्पन्नाव्या वर्षी माझी पाळी परत आली. मी पेढे वाटले!"

हॉलमध्ये हशा, मग टाळ्यांचा कडकडाट. सर स्वतः उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

"टाळ्या बंद!"

चारशे बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांतल्या निम्म्या तरी अक्कांच्या विद्यार्थिनी असणार.

"ती पाळी नव्हती. आतून अस्तर सडकून वाढलं होतं. माझी भावजय वृषाली, ही माइकवाली, मला फसवून डॉक्टरकडं घेऊन गेली म्हणून मी आज उभी आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं, ट्यूब आणि डबी, मात्रा आणि कॅप्सूल. घोडीचंही सांगितलं, तेही खटावकरबाईंच्याच शब्दांत. मागच्या रांगेत कुणीतरी किंचाळलं. "हार्मोन वाईट नाही. आपल्या अंगात होतं तेच आहे. पण अंगात होतं तेव्हा त्यावर अंगाची देखरेख होती. आता डॉक्टरची लागते. डबीवरच्या कमळाची नाही."

सर माइककडे झेपावले. "बाईंचा गैरसमज..."

"खाली बसा," अक्का म्हणाल्या. सर बसले. ते पुण्याचे होते, तरी बसले.

"आता सगळ्यांनी डोळे मिटायचे," अक्कांनी फर्मावलं. "सगळ्यांनी. शेजारणीकडं बघायचं नाही. जिची पाळी जाऊन वर्ष झालं, आणि नंतर पुन्हा थोडं जरी लाल दिसलं, जिनं कुणालाही सांगितलं नाही, तिनं हात वर करायचा. मी कुणाचं नाव घेणार नाही."

मी सूत्रसंचालक, म्हणून डोळे उघडेच ठेवले. हॉल देवळासारखा शांत. आधी काहीच हललं नाही. मग खिडकीपाशी एक बांगड्यांचा हात हळूच वर गेला. मग मधल्या रांगेत एक. आणि मग माझ्या अगदी शेजारी, व्यासपीठावर, डोळे घट्ट मिटलेल्या भोईटेबाईंचा. पुष्पगुच्छासकट.

सरांनी डोळे मिटले नव्हते. त्यांच्या नाकाजवळून निशिगंधाची काडी वर गेली तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हात खाली. डोळे उघडा," अक्का म्हणाल्या. "उद्या सकाळी दहा वाजता खटावकरबाईंचा दवाखाना. मी दारात उभी असेन. कुणी विचारलं कशाला आलात, तर सांगायचं, शालनबाईंनी बोलावलंय. वृषाली, आता आभार मान."

कशाचे मानले ते मला आठवत नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकांचे मात्र दोनदा मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का खरंच बसस्टॉपसमोर, त्या पाटीखाली, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भोईटेबाई तोंडाला ओढणी बांधून आल्या. हॉलमध्ये हात तीनच वर गेले होते, पण दवाखान्याच्या बाकावर सकाळभरात नऊ जणी येऊन बसल्या. सेंटर दिवाळीपर्यंत चाललं, मग तिथं मोबाइलचं दुकान आलं.

त्या नवांतली एक, हॉलमध्ये खिडकीपाशी हात वर केलेली बांगड्यांची बाई, तिचा कॅन्सर वेळेत सापडला. ऑपरेशन झालं, ती खडखडीत बरी आहे. परवाच पोवई नाक्यावर दिसली. अक्का माझ्यासोबत होत्या. त्यांना बघताच ती पटकन रस्ता ओलांडून पलीकडे पळाली. तरीही काही उपयोग झाला नाही. अडुसष्ट वर्षांच्या अक्कांनी भर चौकात, वाहनांच्या वरून हाळी दिली, "काय गं, तपासणीला गेलीस का या वर्षी?"

"गेले, बाई!" पलीकडच्या फुटपाथवरून ती ओरडली, आणि सिग्नलला थांबलेले सगळे आमच्याकडे बघायला लागले.